कोणालाही दुरुस्त करता येणारं पान

महाप्याला आमच्या ऑफिसात माझं काम फोन घेण्याचं आहे. कंपनी लिफ्टची देखभाल करते. पनवेलपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही टॉवरमध्ये आमच्याकडची लिफ्ट बंद पडली, कोणी आत अडकलं, की फोन माझ्या टेबलावर वाजतो. मी जवळच्या मेकॅनिकला पाठवते. तो वर मशीन-रूममध्ये पोचला की त्याच्याशी बोलत राहते, आणि आत अडकलेल्या माणसांशी इंटरकॉमवरून. मी कॉमर्सची. लिफ्टमधलं मला जे काही कळतं ते ऐकून ऐकून कळलेलं आहे.

लोक विचारतात, एवढी वर्षं एकाच खुर्चीत कशा बसलात? मधली काही वर्षं त्या खुर्चीत बसणं मला खरोखर आवडत होतं. ती वर्षं कशी आली आणि कशी संपली, ते लिहायचं आहे.

ती आमच्याकडे लागली तेव्हा जेमतेम पंचविशीची असेल. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, कोपरखैरण्याला आणखी मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिला माझ्या शेजारचं टेबल मिळालं. पहिल्याच दिवशी दुपारी तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही रोज हे एवढं पुस्तक उलटायलात?"

पुस्तक म्हणजे मॅन्युअल. लिफ्ट बंद पडली की मशीन-रूममधल्या कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर एक आकडा येतो. मेकॅनिक मला फोनवर तो आकडा सांगायचा, मी टेबलावरचं मॅन्युअल उघडून आकडा शोधायचे, आणि तिथलं इंग्रजी वाचून त्याला मराठीत नाहीतर हिंदीत सांगायचे. प्रत्येक मॉडेलचं मॅन्युअल वेगळं, आणि कुठलंच धड पूर्ण नाही.

ती लागल्यानंतर थोड्याच दिवसांनी उलव्याच्या एका नव्या टॉवरमध्ये भर दुपारी एक म्हातारं जोडपं अडकलं. बाई इंटरकॉमवर होत्या. त्यांना धाप लागलेली ऐकू येत होती, पण त्या सारखं एकच सांगत होत्या, की गॅसवर दूध ठेवून आलोय, फक्त पार्सल घ्यायला खाली उतरत होतो. मागून त्यांचे यजमान म्हणत होते, "दुधाचं काय घेऊन बसलीस?" वर आमचा उलव्याचा मेकॅनिक पोचला होता. तो त्याच भागातला, विमानतळासाठी ज्यांची गावं हलली त्यांच्यापैकी. त्याने आकडा सांगितला. मॅन्युअलमध्ये तो आकडाच नव्हता.

"म्याडम, गावत नाय काय?"

"शोधतेय, थांबा जरा."

"मी थांबलोय. आतली मानसं किती थांबतील?"

शेवटी मी खारघरच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याच्याकडे हा आकडा आधी कधीतरी येऊन गेला होता. त्याने दोन वाक्यांत उपाय सांगितला, तो मी उलव्याला सांगितला, आणि लिफ्ट उघडली. बाई बाहेर आल्या त्या सरळ जिन्याने वर धावल्या. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. खिडकी उघडी होती म्हणून निभावलं.

ती शेजारी बसून हे सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "एका मेकॅनिकला ठाऊक असलेलं दुसऱ्याला का ठाऊक नसतंय?"

"कारण ते दोघं एकमेकांना भेटत नाहीत," मी म्हटलं. मला तो प्रश्नच बावळट वाटला होता.

आमच्या ऑफिसात तेव्हा एक विकी होता. म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसात चालणारी वेबसाइट, जिचं कुठलंही पान वाचणारा माणूस तिथेच 'एडिट' दाबून बदलू शकतो. कोणी काय बदललं ते पानाच्या हिस्टरीत राहतं, आणि चुकलं तर जुनं पान परत आणता येतं. नोकरी सोडून गेलेल्या कोणा आयटीवाल्याने तो कधीतरी बसवून ठेवला होता. त्यात सुट्ट्यांची यादी होती आणि कँटीनचा मेनू. तिने तो उघडून त्याच्या आत डोकावायला सुरुवात केली आणि एक दिवस माझी खुर्ची स्वतःच्या टेबलाकडे ओढली.

"ताई, ह्याच्यात नुसता मजकूर नाही, प्रोग्रामबी लिहिता येतंय. पानातच चालतंय ते. वेगळं काही बसवायला नको, कोणाची परवानगी नको."

पडद्यावर विकीचंच एक साधं पान होतं. त्यात एक चौकट आणि एक बटण. तिने चौकटीत उलव्याचा तो आकडा टाकून बटण दाबलं. खाली मराठीत प्रश्न आला: दार पूर्ण बंद आहे का? तिने 'हो' दाबलं. पुढचा प्रश्न आला. तिसऱ्या प्रश्नानंतर खारघरच्या मेकॅनिकने सांगितलेला उपाय आला, त्याच्याच शब्दांत.

"आणि हे प्रश्न कुठून येतात?"

तिने पान खाली सरकवलं. तिथे एक साधा तक्ता होता: आकडा, प्रश्न, उत्तर, पुढे काय करायचं. "हा तक्ता कोणीबी बदलायचा. प्रोग्राम तक्त्यातलंच वाचतो. मेकॅनिकला प्रोग्राम यायची गरज नाही."

त्या दिवसापासून आम्ही दोघी कामाला लागलो. प्रोग्राम तिचा, तक्ता माझा. माझ्या डोक्यात वर्षानुवर्षांचे फोन साठलेले होते. कुठल्या टॉवरमधली लिफ्ट ओलाव्याने रुसते, कुठल्या मॉडेलचा आकडा खोटा असतो आणि खरा दोष भलतीकडेच असतो, हे मी आठवून आठवून तक्त्यात भरलं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडून डाव्या हाताने खायची आणि उजव्या हाताने टाइप करायची. तिच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची, ती मला संपवायला लावायची आणि माझी आमटी स्वतः प्यायची.

मेकॅनिक आधी हसले. मग मोबाइलवर ते पान उघडू लागले, आणि मग हळूहळू लिहू लागले. उलव्याच्या मेकॅनिकने पहिली ओळ टाकली: 'दार बंद हाय पन लाल लाइट लागलीय तं वरची पट्टी पुसा.' मी ती शुद्ध करायला घेतली, तर तिने माझा हात धरला. "राहू द्या ताई. त्याला वाटलं पाहिजे की आपलं लिहिलेलं राहतंय." ती ओळ तशीच राहिली. सगळेच बरोबर लिहायचे असं नाही. एकाने चुकीचा उपाय लिहिला की दुसरा दुपारपर्यंत तो खोडायचा, आणि हिस्टरीत दोघांचं भांडण वाचायला मिळायचं. मी चहा पिता पिता ते वाचायचे. मग त्याच विकीत सुट्या भागांचं पान झालं, ड्युटी लावण्याचं पान झालं. ड्युटीच्या पानावर गणपतीत कोणाला कोकणात जायचंय ते आधी भरलं की वाद होत नसत. फोन लवकर संपू लागले. अडकलेली माणसं लवकर बाहेर येऊ लागली. घरी नवरा म्हणाला, हल्ली तू ऑफिसातून हसत येतेस.

पान एकदा बंद पडलं होतं, हेही सांगायला हवं. कोणीतरी तक्ता बदलताना नको ते चिन्ह खोडलं आणि सगळं पान कोरं झालं. तेव्हा घणसोलीहून एक मेकॅनिक लाइनवर होता. तिने हिस्टरीतून आदल्या दिवशीचं पान परत आणलं. त्याचा खोळंबा झाला नाही. पण नेमके त्या वेळी नवे साहेब आमच्या मागे उभे होते.

साहेब एका मोठ्या आयटी कंपनीतून आमच्या ऐरोलीच्या हेड ऑफिसला आले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काय आहे?" पुढच्या आठवड्यात आम्हाला मीटिंग-रूममध्ये बोलावलं. तिने सगळं दाखवलं. साहेब भारावून गेले, ते खोटं नव्हतं.

"कोणाचं हे?"

"माझं, सर," ती म्हणाली.

"आणि हा मजकूर?"

"मेकॅनिक लोक भरतात. ताई तपासतात."

मी तिच्या शेजारीच बसले होते. ती जे बोलली त्यात एकही शब्द खोटा नव्हता. कल्पना तिची, प्रोग्राम तिचा. मी तपासत होते, हेही खरं. परत टेबलावर आल्यावर तिने विचारलं, "ताई, राग आला का?" मी म्हटलं, "कशाचा?" त्यावर आम्ही पुढे कधीच बोललो नाही.

काही दिवसांनी तिची बदली ऐरोलीला झाली, साहेबांच्या नव्या डिजिटल टीममध्ये. निघताना तिने माझ्या पायांना हात लावला. मला बरं वाटलं आणि थोडं चमत्कारिकही. सुरुवातीला ती रोज फोन करायची, मग रविवारी, मग सणाला मेसेज.

मग तो मेल आला. विकी अमुक दिवसानंतर फक्त वाचता येईल आणि त्यानंतर बंद होईल. कारण दिलं होतं सुरक्षेचं: कोणालाही बदलता येणाऱ्या पानात प्रोग्राम चालवणं धोक्याचं आहे. त्याऐवजी मोबाइल ॲप येणार होतं, बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेलं. मेलच्या खाली तिचं नाव होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ऐरोलीला गेले. रिसेप्शनवर फोटो काढून गळ्यात पाहुण्यांचा पास घातला. ती खाली आली, मला कॉफी-मशीनपाशी घेऊन गेली. केस कापले होते. बोलणंही बदललं होतं, 'करायलंय' कुठे ऐकू आलं नाही.

"ताई, तुम्ही फोन केला असता तर मी समजावलं असतं."

"आता समजाव."

"त्या पानात कोणीही काहीही टाकू शकत होतं. एखाद्याने असा कोड टाकला असता की पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्ड त्याला मिळेल, तर? आपल्याला कळलंही नसतं. ते मी बांधलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता आहे."

"टाकला का कोणी?"

"प्रश्न तो नाहीये."

"मग मेकॅनिकांनी दुरुस्ती कशी करायची?"

"ॲपमध्ये 'सूचना पाठवा' असं बटण आहे. टीम तपासेल, मग पुढच्या आवृत्तीत येईल."

"टीम म्हणजे कोण? मशीन-रूममध्ये कधी गेलंय का त्यातलं कोणी?"

तिने कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला घर आहे, माणसं आहेत. तुम्ही त्याच टेबलावर रिटायर व्हाल आणि तुमचं काही बिघडणार नाही. मी गावाहून आले तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. हे एक पान होतं. ते घेऊन मी इथवर आले. आता हे धोक्याचं आहे असं कळल्यावर मी ते झाकून ठेवायचं, की तुम्ही नाराज व्हाल म्हणून चालू ठेवायचं?"

मी पास काढून रिसेप्शनवर दिला आणि निघाले. उत्तर परत येताना रिक्षात सुचलं, की धोका नको होता तर बदलायची परवानगी आपल्या माणसांपुरती ठेवायची, प्रोग्राम कुलपात ठेवायचा आणि तक्ता उघडा. हे तिला माझ्याआधी सुचलं असणारच. तिने साहेबांना ते सांगितलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

ॲप आलं. दिसायला छान होतं. आत आमचाच तक्ता होता, शुद्ध केलेला. लाल लाइटची ओळ अशी झाली होती: 'कृपया वरील संवेदक स्वच्छ करावा.' आता मेकॅनिक फोन करून मला विचारायचे, म्याडम, संवेदक म्हंजे काय? 'सूचना पाठवा' दाबलं की एक नंबर यायचा आणि 'आपली सूचना विचाराधीन आहे' असं यायचं. तिथून पुढे काही यायचं नाही. थोड्या दिवसांनी त्यांनी ते बटण दाबणं सोडलं.

त्याच सुमारास नव्या टॉवरांत एक नवं मॉडेल बसायला लागलं. लिफ्ट अडकली की मेन स्विच बंद करून, ब्रेक मोकळा करून, मशीनचं चाक हाताने फिरवत ती मजल्यापर्यंत आणायची, अशी जुनी रीत, आणि ॲपमध्येही तीच लिहिलेली. पण नव्या मॉडेलला बॅटरी होती. मेन बंद केला तरी बॅटरी जागी राहायची आणि ब्रेक सुटला की लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्याकडे सरकायची. वीज गेल्यावर माणसं अडकू नयेत म्हणूनच ती सोय होती. खारघरच्या मेकॅनिकच्या हे लक्षात आलं, कारण त्याच्यासमोर चाक अचानक फिरलं. तो नशिबाने लांब उभा होता. त्याने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, सूचना पाठवलीये, आधी बॅटरीचा स्विच पाडा म्हणून." मी म्हटलं, बरं केलंत.

उलव्याच्या मेकॅनिकला हे माहीत नव्हतं. कुठून माहीत असणार? त्याने ॲप उघडलं, त्यात लिहिल्याप्रमाणे मेन बंद केला, ब्रेक सोडला आणि चाकाला हात घातला. मी लाइनवर होते, पण त्या टॉवरमध्ये नवं मॉडेल बसलंय हे मला माहीत नव्हतं. आधी नुसता आवाज आला, मग काहीच नाही, मग वॉचमन ओरडायला लागला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी आमच्याच मीटिंग-रूममध्ये झाली. साहेब होते, सेफ्टीवाले होते, आणि ती होती, लॅपटॉप घेऊन. मला साक्षीसाठी बोलावलं. मी सांगितलं, की ही गोष्ट खारघरला आधीच कळली होती. त्याने सूचना पाठवली होती. विकी असता तर त्याच दुपारी ती ओळ उलव्याच्या माणसाच्या मोबाइलवर दिसली असती.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "अशी सूचना आली होती?"

ती पडद्यात बघत होती. खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "हो सर. आली होती. पुढच्या आवृत्तीत घेतलेली आहे."

"म्हणजे यंत्रणा काम करतेय," साहेब म्हणाले, आणि सेफ्टीवाल्यांनी ते लिहून घेतलं.

अहवालात शेवटी असं आलं की, सूचना स्वीकारण्याची व्यवस्था योग्य रीतीने चालू होती; मेकॅनिकने चाकाला हात लावण्यापूर्वी पुरवठा पूर्ण बंद असल्याची स्वतः खात्री करायला हवी होती. हेही खोटं नव्हतं. त्या सगळ्या काळात मला एकही खोटं वाक्य ऐकायला मिळालं नाही. मिळालं असतं तर भांडता आलं असतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती माझ्यासाठी थांबली होती. डोळे लाल होते.

"ताई, जेवलात?"

"हो," मी म्हटलं. जेवले नव्हते.

"मी खरं सांगितलं, ताई."

"ऐकलं मी."

मग लिफ्ट आली. ती खाली गेली. मी जिन्याने उतरले.

वर्षभरात ती बंगळुरूला दुसऱ्या कंपनीत गेली. मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. साहेबांची बढती झाली. उलव्याच्या मेकॅनिकला कंपनीने महाप्याच्या स्टोअरमध्ये बसवलं. तो आता सुटे भाग काढून देतो. डाव्या हाताने लिहायला शिकलाय, पण अक्षर त्याचं त्यालाच आवडत नाही. मेकॅनिकांनी आपसात व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. कोणाला नवं काही कळलं की तो तिथे टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत ते सुप्रभात, वाढदिवस आणि क्रिकेटच्या खाली गाडलं जातं. नवा माणूस लागला की त्याला जुनं काही सापडत नाही.

मागच्या महिन्यात मी स्टोअरमध्ये गेले होते, तेव्हा तो म्हणाला, "म्याडम, ते आपलं पान परत काढा ना. हितं ऑफिसात नको. बाहेर कुठंतरी. पोरं भरतील."

घरी येऊन मी बघितलं. फुकट विकी देणाऱ्या जागा भरपूर आहेत. मला जी जमली तिथे मजकूर लिहिता आला, तक्ता करता आला. प्रोग्राम मात्र चालवता येईना. कुठे परवानगीच नव्हती, कुठे असेल तर मला ती सापडली नाही. मी रविवारभर बसले. चौकट काढता आली, बटण काढता आलं. दाबल्यावर काही होत नव्हतं.

सोमवारी त्याला सांगितलं, की मला नाही जमत.

"असं कसं? तुमीच केलं होतं ना?"

"नाही," मी म्हटलं. "तिने केलं होतं."

"मंग तिलाच इचारा की."

तिचा नंबर माझ्याकडे आहे. ती उचलेल, बहुतेक सांगेलही. मी त्याला म्हटलं, बघते. आणि फोन वाजत होता म्हणून वर टेबलावर आले. घणसोलीच्या एका टॉवरमध्ये शाळेतून आलेली दोन मुलं अडकली होती. मी ॲप उघडून मेकॅनिकला त्यातलं वाचून दाखवायला लागले.